कामाची जागा आणि माणसाची ओळख

जालन्याहून सिंदखेड राजावरून मेहकराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुलतानपूर हे गाव आहे. लोणारास जाण्याची वाट येथूनच फुटते. त्यामुळे सरोवर पाहावयास निघालेले पुष्कळ परस्थ येथे उतरतात, चहा घेतात आणि पुढची गाडी धरतात. थांब्यावर बसणाऱ्या वडील मंडळींचे, कोणी तरुण दृष्टीस पडला म्हणजे विचारावयाचे प्रश्न दोन. पहिला, "कोणाचा?" आणि दुसरा, "कुठे असतो?" पहिल्याचे उत्तर बापाच्या नावाने मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र राहत्या गावाने क्वचितच देतात. "एस. टी.त आहे," "पोलिसात आहे," "कंपनीत आहे," असेच ते येते.

आमच्या भाषेची ही लकब वाचकांनी ध्यानात घ्यावी. अमका पोलिसाचे काम करतो असे आपण सहसा म्हणत नाही. तो पोलिसात 'असतो'. जणू काय त्याचे असणेच त्या जागी ठेवलेले आहे. काम मिळाले म्हणजे तो 'लागला', सुटले म्हणजे 'घरी बसला'. आणि ज्यास असे कोठेच लागता आले नाही तो 'घरीच असतो', मग तो पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत वावरात का राबत असेना! माणूस स्वतःस कोण समजतो आणि लोक त्यास कोण समजतात, यांचा त्याच्या कामाच्या जागेशी काय संबंध आहे, हा या पाठाचा विषय होय. विषय पुस्तकी वाटेल, परंतु तो आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगा आय. टी. आय.मध्ये वायरमनचे शिक्षण घेऊन पुण्याकडील एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागला. चार वर्षे बरी गेली. त्याचे लग्नही जुळले, आणि ते "मुलगा कंपनीत आहे" याच शब्दांवर जुळले, हे सांगावयास नकोच. पुढे ठेका संपला आणि एका शनिवारी तीसचाळीस मुलांस सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगण्यात आले. या मुलाने ही गोष्ट पाच महिने घरी कळू दिली नाही. सोबत्यांकडून उसने घेऊन तो दर महिन्यास घरी पैसे पाठवी, आणि फोन आला म्हणजे पाळीवर निघालो आहे असे सांगे. शेवटी देणेकऱ्यांपैकी एकाने बापास फोन केला तेव्हा सर्व उघडकीस आले. बाप जाऊन त्यास घेऊन आला. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा तो खाली मान घालून इतकेच म्हणाला, "काका, मी कुठंच नाही, हे घरी कसं सांगणार होतो?"

आपले काम गेले असे तो म्हणाला नाही. आपण कुठेच नाही असे म्हणाला.

अशा प्रसंगी जे सर्व लोक सांगतात तेच आम्हीही सांगितले: काम म्हणजे काही माणूस नव्हे, काम जाते, माणूस राहतो, धीर धरावा. त्याने ऐकून घेतले आणि तो उठून गेला. घरी परतताना आमच्या ध्यानात आले की आम्ही जे सांगितले ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. काम म्हणजे माणूस नव्हे असे ज्याचे काम चालू आहे त्याने म्हणावे, ही गोष्ट फार सोपी आहे. म्हणून हा पाठ इतरांस शिकविण्यापूर्वी आम्हांसच शिकावा लागला.

धंद्यावरून नाव पडणे ही रीत जुनी आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हे गावगाड्यातील बलुतेदार. त्यांचे काम हेच त्यांचे नाव, तेच आडनाव आणि खळ्यावर मिळणाऱ्या धान्याचा हक्कही त्याच नावाने. शास्त्रातही हीच रीत दिसते. मत्तयाने जकातीचे नाके कधीच सोडले होते. तथापि त्याच्या नावाच्या शुभवर्तमानातील बारा शिष्यांच्या यादीत तो 'जकातदार' म्हणूनच लिहिला गेला. लोकांस न आवडणारे ते नाव त्यास सोडून गेले नाही.

आणि येथेच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कामाने दिलेले प्रत्येक नाव अभिमानाचे असते असे नाही. ज्या घराण्यांस मेलेली गुरे ओढणे, वेशीवर राखण करणे, सांगावे पोचविणे ही कामे जन्माबरोबरच चिकटविण्यात आली, त्यांस ते नाव भूषण नव्हते. ती बेडी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले ते ही बेडी तोडण्यासाठीच. पुढे १९३६ साली जातिभेदाच्या निर्मूलनावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी दाखवून दिले की जातिसंस्था ही नुसती कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. या भेदावर वाचकांनी थोडे थांबावे. कामांची वाटणी कोणत्याही समाजात असणारच. पण माणूस कामाच्या आधीच वाटला गेला, तर त्याचे काम त्याची ओळख सांगत नाही, त्याच्यावर ती लादते. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या आजापणजांनी गाव सोडून रेल्वेची, गिरणीची, शाळेची वाट धरली, तीत भाकरीइतकीच दुसऱ्या नावाचीही भूक होती.

तेव्हा कारखान्याने त्यांस दुसरे नाव दिले काय? दिले, पण अर्धे. मुंबईच्या गिरण्यांत कापड विणण्याच्या खात्यात पगार अधिक असे. परंतु धोट्यातील कांडी संपली म्हणजे नव्या कांडीचा दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि एकच धोटा अनेकांच्या तोंडास लागावयाचा. एवढ्या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांस त्या खात्यात घेत नसत. १९२८ सालच्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे पुढे मांडला. गिरणीच्या दारातून सगळे एकाच भोंग्याबरोबर आत जात, पण आत गेल्यावर सगळे एकाच नावाचे होत नव्हते.

तरीही गिरणीने माणसांस जे दिले ते थोडे नव्हते. मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ साली आरंभिला. पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सारा मुलूख गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. कोकणातून, घाटावरून आलेले गडी एकेका खोलीत दहादहा, वीसवीस राहत. एक पाळी कामावर असे तेव्हा दुसरी तेथे निजे. खानावळीतल्या बाईस कोणाची कोणती पाळी हे पाठ असे. भजनी मंडळ, तालीम, गावकऱ्यांचे मंडळ, युनियनची कचेरी ही सर्व गिरणीच्या भोवती उभी राहिली. थोर कवी नारायण सुर्वे यांचेच उदाहरण घ्यावे. रस्त्यावर टाकून दिलेल्या त्या अर्भकास गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले. कवीचे आडनाव ते याच गिरणी कामगाराचे. पुढे हे मूल मोलमजुरी करीत वाढले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. आणि त्यांच्या १९६६ साली निघालेल्या कवितासंग्रहाचे नाव 'माझे विद्यापीठ' असे आहे. ते विद्यापीठ म्हणजे कामकऱ्यांची वस्ती आणि रस्ता, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे.

मग १९८२ साल उजाडले. १८ जानेवारी रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीर झालेच नाही. तो विरत गेला. हजारो माणसे गावी परतली, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी पहारेकरी झाला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी उंच इमारती व दुकानांचे मोठाले वाडे उभे राहिले. त्या घरांतून काय घडले हे जयंत पवार यांनी 'अधांतर' या नाटकात दाखविले आहे. नाटकाचे नुसते नाव घेतले तरी आमच्या त्या तरुणाचे वाक्य आठवावे असे ते आहे.

आता एक गोष्ट पाहा. बंद गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांस घरे देण्याचे ठरले तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो कामावर होता तो पात्र, असा नियम झाला. सुमारे दीड लाख अर्ज आले. २०२३ साली त्या अर्जदारांची पात्रता तपासण्याचे काम म्हाडाने हाती घेतले. त्यासाठी मागितलेल्या कागदांत गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक अशी नावे होती. संपास चाळीस वर्षे उलटून गेल्यावर म्हातारी माणसे, आणि जेथे ती राहिली नाहीत तेथे त्यांच्या विधवा व मुले, पेटीच्या तळाशी जपून ठेवलेले चिठोरे घेऊन रांगेत उभी राहिली. ज्या तिकिटावर एके काळी माणूस दारातून आत जाई, तेच तिकीट दाखवून आता "मी तेथे होतो" असे सिद्ध करावयाचे. काहींनी ते कागद हक्कासाठी जपले असतील. पण घरांची योजना निघण्याच्या कितीतरी आधीपासून ते पेट्यांत होते, यावरून आम्हांस वाटते की निव्वळ हक्कासाठी ते जपले गेले नव्हते.

यावरून आमच्या ध्यानात जे आले ते असे. कामाची जागा माणसास जी ओळख देते ती एकाच धाग्याची नसते. तीत एक धागा पाटीचा असतो, म्हणजे ज्या कारखान्याचे किंवा कचेरीचे नाव सांगून आपण चारचौघांत बसतो त्या नावाचा. दुसरा सोबत्यांचा, बरोबर डबा खाणारांचा, पाळी बदलून देणारांचा. आणि तिसरा हातातील कसबाचा. पाटी एका दिवसात उतरते. सोबती चांगले असले तर वर्षानुवर्षे टिकतात. गिरणी गेली तरी भजनी मंडळे टिकली. कसब मात्र हात चालतात तोवर राहते. ज्याने सगळा भार पाटीवर टाकला, तो पाटीबरोबर खाली येतो. आमच्या तरुणाने, आणि खरे सांगावयाचे तर त्याच्या भोवतीच्या आम्ही सर्वांनी, चार वर्षे केवळ पाटीचेच कौतुक केले होते. तेथे तो काय शिकला हे आमच्यापैकी एकानेही त्यास कधी विचारले नव्हते.

पाटी किती मोठी व धनी किती भला, यावर येथे फारसे अवलंबून नाही. आमच्याच विदर्भात, नागपुरास, जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. खेळती हवा, स्वच्छ पाणी, चांगल्या कामाबद्दल बक्षिसे. १८८६ साली निवृत्तांसाठी फंड आणि १८९५ पासून कामावर इजा झाल्यास भरपाई. सरकारी कायद्याने हे करावयास लावले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. तेथे काम करणारा "मी एम्प्रेसचा" असे सांगे त्यात अर्थ होता. ती गिरणीही अखेर बंद पडली, आणि तिच्या जागेवर आज त्याच नावाचा मॉल आहे. नाव राहिले, पण ते कामकऱ्यांचे राहिले नाही.

काम सुटलेल्या माणसाचे आत काय होते, याचा एक जुना आणि फार मोलाचा अभ्यास ऑस्ट्रिया देशात झाला. व्हिएन्ना शहराजवळ मारियेंटाल नावाचे लहान गाव होते. सारे गाव एका कापडगिरणीवर जगे, आणि ती गिरणी १९२९-३० च्या मंदीत बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल हे तरुण संशोधक सोबत्यांसह तेथे गेले आणि त्यांनी जे पाहिले ते १९३३ साली छापले. आता लोकांस वेळच वेळ होता, तेव्हा ते अधिक वाचतील अशी कोणाचीही अपेक्षा असणार; परंतु गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या उलट निम्म्याच्या आसपास उतरली होती. संशोधकांनी एका खिडकीत बसून, रस्त्याने जाणारी माणसे किती वेगाने चालतात आणि किती वेळा थांबतात हे मोजले. पुरुष हळू चालत आणि वाटेत पुनःपुन्हा उभे राहत. त्यांस कोठे पोचावयाचेच नव्हते. स्त्रिया मात्र त्यांच्यापेक्षा लगबगीने जात.

त्या का लगबगीने जात होत्या? पगार तर त्यांचाही गेला होता. पण घर होते, चूल होती, मुले होती. आणि आहे त्या तुटपुंज्या सरकारी मदतीत सर्वांची पोटे भरावयाची होती. पगार गेला तरी त्यांचे काम गेले नव्हते. सुलतानपुराच्या थांब्यावर बसून कोणी घड्याळ लावले तर त्यास वेगळे काही दिसेल असे आम्हांस वाटत नाही.

यावरून आम्ही एका अवघड गोष्टीकडे येतो. काम असून ज्यास नाव मिळत नाही, त्याचे काय? निंदणी, कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी यांत आमच्या वावरांतून बायाच अधिक दिसतात. पण सातबारा बहुधा पुरुषाच्या नावे, आणि 'शेतकरी' म्हटले म्हणजे डोळ्यांपुढे उभा राहतो तो पुरुषच. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवड येथे स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरविले आणि पुढे जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून देण्याची 'लक्ष्मीमुक्ती' नावाची चळवळ चालविली, ती हेच शल्य ओळखून. संयुक्त राष्ट्रसंघानेही २०२६ हे वर्ष शेतकरी स्त्रियांचे म्हणून ठरविले. ठराव होत राहतात, पण "तुझी आई काय करते?" या प्रश्नास आमची मुले अजून "काही नाही, घरीच असते" असेच उत्तर देतात, आणि ते ऐकून कोणी चमकत नाही.

याहूनही कठीण प्रकार ऊसतोडीचा. मराठवाड्यातून, विशेषेकरून बीडकडून, दरसाल लाखो माणसे कारखान्यांच्या वाटेस लागतात. मुकादम उचल देतो ती एकेका माणसास नव्हे, 'कोयत्या'स देतो. आणि एक कोयता म्हणजे नवरा व बायको मिळून. एकटा असेल तो 'अर्धा कोयता'. दोन जिवांस मिळून एक नाव, आणि तेही हातातल्या हत्याराचे! शास्त्रातले तंबू करणारे जोडपे अक्विल्ला व प्रिस्किल्ला येथे आठवते. त्यांचा धंदा एक होता, परंतु लिहिणाराने दोघांची नावे वेगवेगळी घेतली आहेत, आणि कित्येक ठिकाणी बायकोचे आधी.

आमच्या त्या तरुणाकडे वळून हा पाठ आटोपता घेऊ. दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा आम्ही धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. कारखान्यात तू नेमके काय करीत होतास, एवढेच विचारले. तो प्रथम चाचरला; मग मोटारींविषयी, तारेच्या जाडीविषयी, वेढे मोजण्याविषयी तासभर बोलत राहिला. आम्हांस त्यातील अर्धे समजले नाही. त्याच्या बापास बरेच समजले असावे, कारण त्या साली त्यांची विहिरीवरची मोटार दोनदा जळली होती. पुढे रब्बीच्या दिवसांत मुलाने ती स्वतः भरून दिली. मग शेजाऱ्याची आली. आता रस्त्याकडेच्या एका टपरीत तो मोटारी भरतो. सारे सुरळीत झाले असे मात्र कोणी समजू नये. हे काम पुरते चार महिनेही चालत नाही. उसने पैसे अजून फिटावयाचे आहेत. आणि कोठे भरती निघाली की तो अर्ज करतोच. थांब्यावरची मंडळी त्यास अजूनही "कंपनीतला" म्हणतात.

लग्न मोडले नाही. मुलीकडच्यांनी महिनाभर विचार केला, आणि मुलीनेच होकार दिला असे आम्ही ऐकतो. १८७२ सालच्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्याप्रमाणे जी नोंदवही भरतात तीत वरवधू दोघांच्याही नावापुढे दर्जा किंवा धंदा लिहिण्याचा रकाना आहे. वराच्या रकान्यात काय लिहावे यावर बराच खल झाला, तो म्हणाला, "मोटार भरतो, तेच लिहा." वधूच्या रकान्यात पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे रेघ ओढली होती. सही करावयास ती वाकली, आणि लेखणी हाती तशीच धरून तिने विचारले, "इथं रेघ कशाची?" कोणी काही बोलेना. तेव्हा तिच्या मागे उभी असलेली तिची आई हळूच म्हणाली, "शेती लिहा, साहेब. सातव्या वर्षापासून माझ्याबरोबर वावरात आहे ती."

पाळकसाहेबांनी रेघ खोडली, वर 'शेती' असे लिहिले आणि खाडाखोडीपाशी आपली सही केली.